कानांवर हात

२५ ऑगस्ट, सोमवार

टक् टाक् टाक्. टक् टाक् टाक्.

चौथीत आम्हाला कवितेचे मास्तर होते. ते बोटाच्या पेरानं टेबलावर वृत्त वाजवायचे. आधी नुसतं पेर. मग आम्ही पोरं एका सुरात — लगागा लगागा लगागा लगागा. शब्द सगळ्यांत शेवटी. "आधी पाऊल पडू दे, वहाण मग घाल," म्हणायचे. साठ-बासष्ट वर्षं झाली. आज सकाळी चहा गाळताना तोच आवाज कानी आला. डोळे मिटून ऐकत राहिलो. ओल्या पाटीचा वास आला, खिडकीतलं ऊन आलं, शेजारच्या पोराचं कोपर बरगडीत लागलं —

डोळे उघडले तर टिंब, माझी नात. टेबलाच्या कडेवर पेर आपटत होती. तोंड पांढरं पडलेलं.

आनंद झाला तर ती वाजवत नाही. घाबरली की वाजवते.

"जायचं ना कॉलेजला?"

"हो."

"मग ऊठ."

"उठलेय."

खरंच की. उभीच होती.

तिच्या कॉलेजसाठी घर सोडून इथे भाड्यानं राहतोय, त्याला दुसरा महिना चाललाय. वाटलं होतं, पहिले आठ दिवस जड जातील, मग गाडी रुळाला लागेल. गाडी अजून रूळच शोधते आहे. वर्ग बदलतो, बाक बदलतं, शिक्षक बदलतात, ऐनवेळी तास रद्द होतो आणि सगळी पोरं हुर्रे करतात. टिंब त्या रिकाम्या वर्गात तास संपेपर्यंत बसून राहते. तास आहे असं कागदावर लिहिलेलं असतं ना!

कॉलेजात एक समुपदेशक बाई आहेत. फार हळू बोलतात, म्हणून आम्ही दोघं त्यांना हळूबाई म्हणतो. आज मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबा, या आठवड्यापासून तिला एकटीला येऊ द्या. तुमचा आवाज तिच्या आधी पोचतो."

हळूच म्हणाल्या. पण लागलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

कालच्या वाक्याशी अजून भांडतोय.

माझा आवाज आधी पोचतो — पोचणारच! तिचा आवाज आला कुठून? सहा वर्षांची होईपर्यंत पोर एक अक्षर बोलली नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलं, स्वमग्न. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, मला तो शब्द तेव्हाच खटकला. स्वतःत मग्न? ही तर पंख्यात मग्न, नळाच्या धारेत मग्न, खुर्चीच्या पायात मग्न. सगळ्या जगात मग्न, फक्त स्वतःत नाही. पण शब्द छापून गेला की गेला, त्याची दुरुस्ती कोण छापतो?

एकदा मी प्रुफं घेऊन बसलो होतो. मांडीशी येऊन तिनं कागदावर बोट ठेवलं. म्हणाली, "टिंब." 'सिंह'वरचा अनुस्वार उडाला होता. माझ्या नजरेतून सुटला होता!

तिचा पहिला शब्द. लेक रडली, जावई रडला. मी तेवढा कागदावर टिंब देत बसलो, कारण माझ्याही डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

पुढे सगळं कवितेतूनच शिकवलं. दात घासायची दिंडी, वेणी घालायची ओवी, अनोळखी माणसाला उत्तर द्यायचा श्लोक. चालीत बांधलं की ते तिच्यात उतरायचं. मग आता बसची कविता का नको? करतो. एकटीला पाठवा म्हणतात ना, पाठवतो.

२७ ऑगस्ट, बुधवार

झाली.

उठावे, निघावे, कडी नीट ओढी,
पुढे लाल पेटी, तिथे थांब थोडी.

एक लघु इकडचा तिकडे नाही. स्वतःवरच खूश झालो. टिंबनं दोनदा वाचली. म्हणाली, "ढी आणि डी एक नाहीत."

"अगं, चालतं तेवढं."

"ओढी म्हणजे कोण ओढी? मी 'ओढते' म्हणते."

"कवितेत चालतं."

"बसमध्ये चालेल का?"

लाल टपालपेटीपाशी बस थांबते. तिथून कॉलेज सरळ. पाठ झाली तिची. संध्याकाळभर म्हणत होती. भुजंगप्रयात काय सुरेख डोलतो तिच्या तोंडात! मी खिडकीशी बसून ऐकलं. कोण म्हणेल ही पोर बोलत नव्हती?

२८ ऑगस्ट, गुरुवार

टपालपेटीपाशी बस थांबत नाही.

रस्ता खणलाय. थांबा पुढच्या चौकात हलवलाय. कालपासून. मी बघायला गेलो नाही — मी यमक जुळवत होतो.

कॉलेजातून फोन आला, आली नाही म्हणून. धावलो. धावलो म्हणजे काय, या वयात जेवढं धावता येतं तेवढं. पोर पेटीजवळ उभी. दुपार झालेली. ऊन डोक्यावर. शेजारी खणायचं यंत्र धडधडतंय, आणि ही तोंडानं कविता म्हणतेय. ओठ सुकून पापुद्रे आलेले. बसेस समोरून गेल्या म्हणे. एक कुणी बाई म्हणाली पण, "अगं मुली, पुढे जा, तिकडे थांबते." ही म्हणाली, "तिथे थांब थोडी."

घरी आणलं. पायरीवर म्हणाली, "कविता चुकली."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा मी बरोबर जातो. हळूबाईंनी मान हलवली. हलवू देत.

२ सप्टेंबर, मंगळवार

आगीतून फुफाट्यात.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आज काचेच्या ब्युरेटांचा, म्हणजे तोटीवाल्या मोजनळ्यांचा, अख्खा ट्रे फरशीवर पडला. टिंबच्या टेबलाच्या टोकाला होता. मी फाटकाबाहेर बाकावर बसलो होतो, तिथवर आवाज आला. तेव्हा मला वाटलं, कुणीतरी कपबश्या फोडल्या.

ट्रे कसा पडला, कुणालाच ठाऊक नाही. निदान सगळे तसं सांगतात. शिक्षकांनी एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, मी नाही, मी नाही. टिंब टेबलाखाली. तिथून तिला बाहेर काढलं, विचारलं, उत्तर नाही.

उद्या उपप्राचार्य बाईंकडे बोलावलंय, दोघांना.

टिंबला मी एवढंच विचारलं, "तुझा धक्का लागला का गं?"

"नाही."

संपलं. ती खोटं बोलत नाही. खोटं बोलायला दोन गोष्टी एकदम मनात ठेवाव्या लागतात, ते तिला जमत नाही, आणि मला वाटतं, तिला त्याची गंमतही वाटत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

काय करून बसलो मी.

क्रमानं लिहितो.

उपप्राचार्यांची खोली. काचेचं टेबल, टेबलावर काचेचा गोळा, काचेच्या कपाटात काचेची ढाल. आत शिरतानाच टिंबनं हात पाठीमागे बांधले. मी शिकवलेलं. बाई टापटिपीच्या, आवाज स्वच्छ. "बसा आजोबा." टिंबला म्हणाल्या, "बस." ती बसली. इथवर ठीक.

मग म्हणाल्या, "नुकसान होतं, त्याचं काही नाही. मुलांचे हात आहेत, पडतं एखादं. पण विचारल्यावर या मुलीनं कानांवर हात ठेवले. शिक्षक म्हणाले, शिपाई म्हणाला. मला राग त्याचा आहे."

माझं डोकं भडकलं! आयुष्यभर शब्दांची राखण केलेला माणूस मी. कानांवर हात ठेवणे — ठाऊक असून 'मला काही ठाऊक नाही' म्हणणे, अंग काढून घेणे. माझ्या टिंबवर हा आळ? ताडकन उठलो. म्हणालो, "बाई, वाटेल ते म्हणा, पण हे नाही. माझ्या नातीनं जन्मात कधी कानांवर हात ठेवलेले नाहीत. तो तिचा स्वभावच नाही. मी अठरा वर्षं पाहतोय!"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

आणि टिंब म्हणाली, "मी ठेवले होते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टिंबकडे बघितलं.

"काय म्हणालीस?"

"मी कानांवर हात ठेवले होते. काल. आजोबा चूक सांगतात."

"बघा," बाई म्हणाल्या. दुष्टपणे नाही. उलट जरा मऊ पडून म्हणाल्या, आणि तेच जास्त लागलं. "निदान ती खरं बोलते. आता असं करा. झाल्या प्रकाराबद्दल तिनं माफीनामा लिहून द्यायचा. पुढच्या गुरुवारच्या प्रॅक्टिकलआधी माझ्या टेबलावर हवा. नाहीतर प्रयोगशाळेत प्रवेश नाही." प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष नाही. ते त्यांनी सांगितलं नाही, मला ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर मी तिच्याशी बोललो नाही. रागानं. हो, रागानं. बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसलो. एकदा वाटलं, अठरा वर्षं आपण हिला ओळखतच नव्हतो की काय.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी खालच्या मालकीणबाईंनी भिंतीला भोकं पाडायला माणूस बोलावला होता. कपाट टांगायचंय म्हणे. त्यानं यंत्र लावलं, घरभर किंचाळी घुमली. टिंब पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक पडलं. तिचे दोन्ही हात कानांवर गेले. कोपरं पुढे, मान खाली, डोळे गच्च.

दात घासावेत इतकं रोजचं. फटाफट जाणाऱ्या मोटारसायकलीला ठेवते. लहान मूल रडलं की ठेवते. माझ्या शिंकेला ठेवते!

मी तिथेच खाली बसलो.

कानांवर हात. दोन कान. दोन हात. त्यात वाक्प्रचार कुठे होता? पोरीनं जे केलं तेच शिपायानं सांगितलं, जसंच्या तसं, आणि वरती जाईपर्यंत त्याचा वाक्प्रचार झाला. बाईंना तो ऐकू आला. ठीक आहे, त्या रसायन शिकवणाऱ्या. पण मला? माझ्या डोळ्यांदेखत ही अठरा वर्षं कान झाकते आहे, आणि मी तिथे उभं राहून शपथेवर सांगतो, हिनं कधी कानांवर हात ठेवले नाहीत!

यंत्र थांबल्यावर म्हणालो, "टिंबा, कानांवर हात ठेवणं याचा आणखी एक अर्थ असतो." सांगितला.

विचार केला तिनं. म्हणाली, "मला काही ठाऊक नाही, असं म्हणणं?"

"हो."

"पण मला ठाऊक नव्हतंच. मी बघितलं नाही. मी मोजमाप वाचत होते."

दोन्ही अर्थांनी खरी निघाली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कॉलेजात गेलो. एकटा. तिला घरी ठेवलं.

फाटकाशी प्रयोगशाळेचा शिपाई भेटला. त्याला विचारलं, तुम्ही नक्की काय सांगितलंत? बिचारा गोंधळला. "दिसलं ते सांगितलं आजोबा. तिनं असे ठेवले —" आणि त्यानं स्वतःचे दोन्ही हात कानांवर ठेवून दाखवले. "का? चूक बोललो का काही?" चूक कोण बोललं, हे त्याला काय सांगू.

वर गेलो. उपप्राचार्य बाईंनी ऐकून घेतलं. शेवटपर्यंत. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून म्हणाल्या, "आजोबा, परवा तुम्ही छातीठोक सांगितलंत, आमची मुलगी कधीच कानांवर हात ठेवत नाही. आज सांगता, ती नेहमीच ठेवते. एक काय ते ठरवा."

"अहो, तो शब्द —"

"शब्दांचं मला समजत नाही. तुमची काळजी समजते. पण उद्या प्रत्येकाचे आजोबा येऊन अर्थ सांगायला लागले तर मी काय करू? तिला काही सांगायचं असेल तर तिनं सांगावं."

"ती असं नाही हो सांगू शकत!"

"मग इथे पुढची तीन वर्षं कोण सांगणार आहे?"

जिना उतरताना कठड्याला धरून उभा राहिलो. हळूबाई आठवड्यातून दोनदाच येतात, आणि आज नेमक्या रजेवर होत्या.

७ सप्टेंबर, रविवार

कालपासून माफीनामा लिहितोय. मी. तिच्या वतीनं.

अक्कल गहाण टाकली, दुसरं काय. पण वर्ष वाचेल ना! दोन ओळींचा तर कागद. 'माझ्या हातून अनवधानाने' — अनवधान, काय देखणा शब्द आहे. कितीतरी वेळा जुळवला, खोडला, पुन्हा जुळवला. शेवटी असा उतरला की छापखान्यातले जुने मालकही मान डोलावते. टिंबपुढे ठेवला. "खाली सही कर, बाळा."

वाचला. पेन उचललं. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर तिनं 'माझ्या' शब्दाखाली रेघ मारली. समासात प्रुफातली काकपदाची खूण केली, मीच शिकवलेली, आणि लिहिलं — कोणाच्या?

"अगं, तुझ्या. तू म्हणायचं आहेस हे."

"माझ्या हातून पडलं नाही. माझे हात कानांवर होते."

"ट्रे पडल्यावर होते! आधी कुठे होते, हे तेच विचारतात ना!"

"आधी ब्युरेटवर. एक हात वर, एक हात तोटीवर. दोनच आहेत."

"टिंब, फक्त सही. कुणी वाचत नाही गं असले कागद."

"मग का लिहायचा?"

आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मोठ्यानं ओरडलो, एवढंच. तिचे हात कानांवर गेले.

मग ती उठून आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावलं.

८ सप्टेंबर, सोमवार

दार उघडलं नाही. सकाळी दाराशी पाव, अंडं, दूध ठेवलं. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात ताटली रिकामी. म्हणजे माझी चाहूल गेली की बाहेर येते. माझी.

कॉलेज बुडालं.

संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. लहानपणी ताप आला की म्हणायचो त्या सगळ्या म्हटल्या. आतून काही नाही. पेराचा आवाजसुद्धा नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

तेच.

१० सप्टेंबर, बुधवार

लेकीचा फोन. ती दवाखान्यात परिचारिका, पाळी संपवून बोलत होती, आवाज पार उतरलेला. सगळं सांगितलं. तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "झालं ना बाबा? मी तेव्हाच म्हणत होते, नको. तुम्हीच म्हणालात, पोर हुशार आहे, घरात का सडवायची."

"हुशार आहेच."

"हुशारीनं काय होतंय. बसथांब्यावर उभी राहते उन्हात. घेऊन या तिला घरी."

"गुरुवारपर्यंत —"

"बाबा. तुमचं वय काय, तिचं काय. तुम्ही किती दिवस फाटकाबाहेर बसणार? घेऊन या."

बरं म्हणालो. शुक्रवारी सकाळी निघतो म्हणालो. सांगून टाकलं आणि एकदम इतकं रितं वाटलं, जणू दात पडला आणि जीभ तिथेच जाते आहे.

दुपारी बॅगा काढल्या. तिची पुस्तकं बांधली. रसायनाच्या पुस्तकात तिनं समासात ठिकठिकाणी टिंबं दिली आहेत, छापायची राहिलेली. सगळी बरोबर आहेत. एकेक पाहिलं. एकही चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

दाराला म्हणालो, "टिंबा, आपण घरी जायचं परवा. कॉलेज पुरे झालं. ऐकतेस?"

आतून, कितीतरी दिवसांनी — टक् टाक् टाक्.

भीतीचं. म्हणजे घरी जायचीही भीतीच. मग हिनं जायचं तरी कुठे? इथे राहावं तर जग असं आणि घरी जावं तर म्हातारा आजा, थकलेले आईबाप आणि खिडकी. आपण गेल्यावर? लिहवत नाही. पण दुसरं काही डोक्यात नाही. आपण गेल्यावर, आपण गेल्यावर. सोप्या वृत्तात बसतं हेही. धिक्कार असो.

११ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी

आज ते प्रॅक्टिकल. साडेदहाला सुरू होईल, तिच्यावाचून.

उजाडताच खाली गेलो, खोली सोडतोय हे मालकीणबाईंना सांगायला. त्यांनी बसवून घेतलं. "अहो, गेले तीन दिवस तुम्ही दाराशी बोलताय, वरून सगळं ऐकू येतं. दार काही बोलतं का परत?" चेष्टा केली आणि स्वतःच ओशाळल्या. चहा दिला. त्यांच्या भावाचं काहीबाही सांगत बसल्या, उठू देईनात. माझंही वर यायला पाऊल उचलत नव्हतं, खरं तर.

वर आलो. दार बंदच. ताटली भरलेली. दूध तसंच, साय धरली आहे. आज तिनं हातही लावला नाही.

म्हणजे आता जेवणही सोडलं.

११ सप्टेंबर, दुपारी

खुर्ची ओढून दाराशी बसलोय आणि इथेच लिहितोय. सगळं म्हणून झालं. दात घासायची दिंडीसुद्धा म्हटली. मग नुसतं बोललो. म्हटलं, टिंबा, माफीनामा फाडला मी, बघ, हा आवाज ऐक. खरंच फाडला. म्हटलं, मी पुन्हा ओरडणार नाही. म्हटलं, तुला माझा आवाज नको असेल तर मी गप्प बसतो, पण एक पेर आपट. एकदाच. मी इथे आहे, तू आहेस, एवढं कळू दे.

काही नाही.

कडी आतून आहे की नुसतं लोटलंय? ढकलून बघायला धीर होत नाही. मालकीणबाईंना हाक मारावी का? डॉक्टरला? आत श्वासाचाही आवाज नाही. कान लावला दाराला. दोन्ही हातांनी धरून कान लावला. काहीच नाही. देवा

घंटा वाजली बाहेरची. मालकीणबाई असतील. येतो

११ सप्टेंबर, संध्याकाळ

दार उघडलं तर टिंब.

बाहेर. जिन्यात. खांद्याला पिशवी, केस घामानं चिकटलेले, प्रयोगशाळेचा पांढरा डगला अजून अंगात.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तू आत आहेस ना?"

"नाही," ती म्हणाली.

सकाळी मी खाली चहा पीत होतो तेव्हा ती मागच्या जिन्यानं उतरली आणि चालत गेली. उपप्राचार्य बाईंच्या खोलीत काच आहे, म्हणून त्यांना म्हणाली, इथे नको, प्रयोगशाळेत या. त्या गेल्या. तिनं रिकामा पत्र्याचा ट्रे घेतला आणि फरशीवर टाकला. बाईंनी दचकून दोन्ही हात कानांवर ठेवले.

"मग मी विचारलं, तुम्ही पाडला का?"

"मग?"

"नाही म्हणाल्या. मग ट्रे त्यांनीच उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, जा, डगला घाल."

हे सगळं तिनं साध्या गद्यात सांगितलं. मी दाराची चौकट धरून ऐकत होतो. माझ्या मागे खुर्ची, खुर्चीच्या मागे बंद दार, त्यामागे रिकामी खोली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही दारात उभे आहात. मला आत यायचंय."